घरचाच ठेका

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. पण आमच्या गावात, जिथे बाई जरा मोठ्याने हसली तरी शेजारचं कुत्रं वळून बघायचं, तिथे अरबांकडचा पोटाचा नाच झालेला आहे. आणि त्या नाचाला संगीत दिलं होतं मी, दाजी मोरजकरने. सायकली आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या माणसाने.

"बेली डान्सला? तुम्ही?" माझी नात स्वरदा म्हणाली.

ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. कॉलेजच्या गॅदरिंगला तिला तोच नाच करायचा होता, म्हणून सकाळपासून मोबाईलवर गाणी लावायची, चार ठोके ऐकायची आणि बंद करायची. खांबाला टेकून माझी बायको मंजुळा फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होती.

"अगं, गाणं निवडतेस की बाजारात आंबे निवडतेस? वास घेतला, ठेवला. वास घेतला, ठेवला."

"मग कसं निवडायचं असतं?"

हे तिने विचारायला नको होतं. मला असं काही विचारलं की मी थांबत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

त्या साली कुवेतमध्ये लढाई पेटली आणि तिकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या वाडीत शैलजावहिनी आली. आरोंदेकरांच्या विश्वनाथची बायको. विश्वनाथ माझा शाळेतला सोबती. तो तिकडेच हृदयविकाराने गेला, पण ती मागे राहून बायकांच्या पार्लरमध्ये नोकरी करत होती. मूळची सोलापूरची. बोहल्यावरून उतरली ती थेट विमानात बसली, त्यामुळे सासरचं गाव तिने धड पाहिलंच नव्हतं. एका मे महिन्यात येऊन आंबे खाऊन गेली होती, तेवढंच. आता आली ती एक बॅग घेऊन. बॅगेत चार साड्या, एक टेपरेकॉर्डर आणि तीन कॅसेटी. घरात फक्त सासू, तीही कानाने ठार बहिरी.

पहिल्याच आठवड्यात तो टेपरेकॉर्डर माझ्या दुकानात आला.

"दाजी, ह्याचा आवाज रडका येतोय."

मी पट्टा बदलला, आतलं हेड स्पिरिटने पुसलं, तिचीच कॅसेट लावून बघितली. नुसती व्हायोलिनं. लग्नात मंडळी जमतायत, जमतायत आणि नवरदेवाचा पत्ता नाही, तसं.

"गाणं कधी सुरू होणार, वहिनी?"

"हेच गाणं आहे."

"मग बाई कधी गाणार?"

"ती गायला लागेल तोवर मी दमलेली असेन," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. पार्लरमध्ये तिच्याबरोबर एक इजिप्तची बाई कामाला होती. दार बंद झालं की ती बाकीच्या बायकांना नाच शिकवायची. वहिनी शिकली, मग तीच शिकवायला लागली. मी म्हटलं, दाखवा बघू. ती नको नको म्हणाली, पण मग दुकानात उभ्या उभ्या तिने कमरेचा एकच हिसका दिला. खांदे जागच्या जागी, पाय जागच्या जागी. देवाशपथ सांगतो, भिंतीवरचे सगळे पाने खिळ्यांवर वाजले आणि पंक्चर बघायच्या घमेल्यातल्या पाण्यावर आपोआप वर्तुळं उठली.

"आजोबा!" स्वरदा म्हणाली.

"तू होतीस का तिथे? नव्हतीस. मग ऐक."

आमच्या महिला मंडळाचा एक हॉल होता. शिवणवर्ग बंद पडल्यापासून तो रिकामाच असायचा. वहिनीने अध्यक्षांकडे तो मागितला, बायकांना हा नाच शिकवायला. अध्यक्ष होत्या कुमुदबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या शिंकल्या तरी बायका उभ्या राहायच्या. कुमुदबाईंनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करून दाखव. फक्त बायका असतील. वावगं काही नाही असं दिसलं, तर किल्ली तुझी."

"आणि नाही दिसलं तर?" मी वहिनीला विचारलं.

"तर सोलापूर. भावाकडे." ती कॅसेटीच्या डबीचं झाकण उघडत होती, मिटत होती. "चार दिवस पाहुणी, मग मोलकरीण. भाऊ वाईट नाही हो, दाजी. पण घर भावजयीचं आहे."

म्हणून तिला संगीत हवं होतं. नुसतं वाजणारं नव्हे, या गावात चालणारं. अरबी गाणं लावलं तर बायका पहिल्या मिनिटाला एकमेकींकडे बघणार हे तिला ठाऊक होतं. पण तीनपैकी एक कॅसेट फक्त ढोलांची होती. त्यात शब्दच नव्हते, म्हणजे कुणी हरकत घेईल असंही काही नव्हतं. तीच मंचावर वाजवायचं ठरलं. ती जरा घरघरते म्हणून वहिनी माझ्याकडे ठेवून गेली, आणि त्याच संध्याकाळी त्या कॅसेटीत पाल शिरली.

"पाल?" स्वरदा म्हणाली.

"पाल. उबेला शिरली. मशीन चालू झालं तशी ती घाबरली आणि टेपचा भुगा केला."

"कॅसेटमध्ये पाल शिरेल कशी? तेवढी जागा तरी असते का?"

"पिल्लू होतं."

मंजुळाच्या हातातली आठळी तशीच राहिली. मी तिकडे बघितलं नाही.

वहिनी आली तेव्हा टेबलावर टेपचा गुंता पडला होता. ती बोटाला टेप गुंडाळत बसली, लोकर गुंतली की बायका बसतात तशी. मीच म्हणालो, "अजून दोन आहेत ना? ती व्हायोलिनवाली नको, पण ती दुसरी? एकसारखी वाजणारी?"

"ती सरावाची आहे."

"मग?"

"दाजी, सरावाच्या गाण्यात काही घडत नाही. घडायला नकोच. तेच तेच वाजत राहिलं पाहिजे, म्हणजे लय अंगात मुरते. गाणं कंटाळवाणं असलं की आपलं आपल्याला ऐकू येतं. पण लोकांपुढे तसं चालत नाही. तिथे गाण्यात काहीतरी व्हावं लागतं. यायचं कसं, थांबायचं कुठे, आणि शेवटी सोडायचं कधी. ते सगळं ह्याच्यात होतं." आणि तिने बोटावरचं टेपचं वेटोळं टेबलावर ठेवलं.

आता सांगा, मी गप्प बसावं का? म्हटलं, "ढोलच पाहिजे ना? मी वाजवतो."

आणि खुंटीवरचा घुमट काढून तिच्यापुढे ठेवला. स्वरदाने तो कधी वाजताना ऐकलेला नाही, म्हणून तिला सांगितलं: मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. उजव्या हाताने वाजवायचं, डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं, सोडायचं. चतुर्थीत आमच्याकडे आरती होते ती याच्यावर.

वहिनीने कातड्यावर बोटं मारली आणि तिचा चेहराच बदलला. "अहो, हे तर अरबांचंच आहे! त्यांचाही असाच असतो, मातीचा. दुम, तक. दुम, तक."

तेव्हापासून रोज दुपारी तिच्या मागच्या अंगणात आम्ही बसायचो. सासू पायरीवर असायची, म्हणजे कुणी काही बोलायला नको. प्रश्न होता ठेक्याचा. लावणीचा वाजवला तर हॉलमधल्या बायका आधी पदर आणि मग चपला सावरणार. दशावताराचा वाजवून बघितला, तर वहिनी म्हणाली, "ह्याच्यावर मला मिशा लावाव्याशा वाटतात." खरंच होतं, त्या ठेक्यावर राक्षसच येतो. फुगडीचा वाजवला असता तर अर्धं मंडळ मंचावर चढलं असतं.

"काहीतरी शांत," ती म्हणत होती. "जड. आणि सभ्य. ऐकून कुणाच्या मनात वाकडं येता कामा नये."

मी विचार करत होतो आणि विचार करताना हात आपले चालू होते. हातांना काय, माझ्या हातांना न सांगता येणारा एकच ठेका आहे. पण मी तो वाजवत होतो अर्ध्या लयीत. इतका सावकाश, की खुद्द गणपतीने ओळखला नसता. दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस पाणी पिऊन येईल एवढी जागा. आणि त्या जागेत वहिनीची कंबर फिरायला लागली.

"थांबू नका! हाच. हा कुठला?"

"घरचाच," मी म्हणालो.

"घरचा म्हणजे?"

"म्हणजे लहानपणापासून हातात आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"तो आरतीचा होता?" स्वरदाने मोबाईल पालथा ठेवला. "आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"तिने विचारलं कुठे?"

"विचारलं की. दोनदा विचारलं. हा कुठला, आणि घरचा म्हणजे काय."

"मध्ये बोलू नकोस. लय तुटते."

खरं तर दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण दुसऱ्या दिवशी तिने त्या ठेक्यावर सगळा नाच बांधूनच आणला होता. प्रवेश असा, वळण असं, इथे फक्त हात, इथे फक्त पोट. सासू टक लावून बघत होती. तिला घुमटातलं अवाक्षर ऐकू येत नव्हतं, पण मान मात्र बरोबर समेवर हलायची. "नाचता तर नाचू दे," म्हातारी मला म्हणाली, "रडत बसण्यापरास बरां." आणि त्या अंगणात बांधलेली त्यांची म्हैस त्या दिवसापासून दुप्पट दूध द्यायला लागली. हसू नकोस. वाडीला विचार.

वहिनीने मला एकच नियम घातला होता. वेग वाढवायचा नाही. शेवटी ती मान हलवेल, तेव्हा थोडासा. नाहीतर नाही.

"आणि विसरलो तर?"

"पोट तुमच्या हातात आहे, दाजी," ती म्हणाली. "तुम्ही धावलात की मला धावावं लागतं. मग तो नाच राहत नाही, नुसतं हलणं होतं."

हळदीकुंकवाच्या दुपारी मी घुमट घेऊन हॉलच्या दारात गेलो. कुमुदबाई आडव्या आल्या.

"पुरुष कशाला आत?"

"घुमट वाजवायला, बाई."

"मग पडद्याआड बसायचं. बायका मोकळेपणाने बसल्या पाहिजेत."

मंचाच्या कडेला एक जाड निळा पडदा होता, त्याच्या मागे मला बसवलं. वहिनी आत आली. लांब बाह्यांचं पोलकं, घोळदार परकर, आणि कमरेला नाणी शिवलेला पट्टा. पोटाचं तीळभर दिसत नव्हतं.

"दाजी, आता तुम्हाला माझी मान कशी दिसणार?"

"भोकातून बघेन."

"पडद्याला भोक आहे?"

"पाडीन."

ती हसली. परत आल्यापासून मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. "तुम्ही फक्त वेग धरून ठेवा," ती म्हणाली, "बाकीचं मी बघते." आणि पडद्याबाहेर गेली.

मी सुरू केलं. तिच्या पट्ट्यातली नाणी माझ्या ठोक्याला उत्तर देत होती, तेवढंच मला ऐकू येत होतं. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं असं वाटावं इतकं शांत. एकीच्या तोंडातून पान पडलं त्याचाही आवाज आला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बरां दिसता गो." आणि दुसरी म्हणाली, "पाठीक चांगला आसतला." म्हणजे जमत होतं. मला दिसत नव्हतं, पण जमत होतं. असं एकदा वाटलं की वाजवणाऱ्याच्या दंडात वारं शिरतं. त्यात त्या ठेक्याची खोडच अशी की तो चढतो. आरती काय संथ संपते कधी? मी मुद्दाम काही केलं नाही. हात आपले थोडे पुढे गेले. नाणी मागून आली. हात आणखी पुढे गेले.

आणि एकीची टाळी ऐकू आली. मग दुसरीची. आमच्याकडे त्या ठेक्यावर रांगतं पोर टाळी वाजवतं, त्या तर मोठ्या बायका.

"ह्यो तर आरतीचो ठेको गो!" कुणीतरी ओरडलं.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. अख्खा हॉल उभा राहिला.

"अय्यो," स्वरदा म्हणाली.

"अय्यो काय? उभा राहिला! कोपऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीवरचा हार डोलायला लागला. बायका हात जोडून, टाळ्या वाजवून... आणि मधोमध वहिनी. ती नाचतेय आणि त्या गातायत. देवाला असा मान कुठल्या गावाने दिला असेल? मग कुमुदबाईंनी हात वर केला."

"तुम्हाला कसं दिसलं? तुम्ही पडद्याआड होतात ना?"

"भोक."

"बरं. मग?"

मग मी थांबलो. नाणी थांबली. कुमुदबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हा ठेका कुणाचा?"

आणि तुझ्या आजोबाने, पडदा बाजूला सारून, घुमट काखेत मारून, छाती पुढे काढून एका शब्दात उत्तर दिलं: "माझा!"

"मग काय," मी म्हणालो, "कुमुदबाईंनी डोळे पुसले आणि हॉलची किल्ली वहिनीच्या हातात ठेवली. एवढ्या टाळ्या पडल्या की घुमटाचं कातडं त्यानेच फाटलं. म्हणून तर परत कधी वाजवला नाही."

स्वरदा हसत नव्हती. "पण आजोबा, आपल्या गावात असा क्लास कधी होता? मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"चालला की. थोडे दिवस. मग माणूस मोठं झालं की गाव लहान पडतं. तिला मस्कतहून बोलावणं आलं. राजवाड्यातून. अख्खी वाडी तिला एसटीत बसवायला गेली होती."

"मस्कतला एसटीने?"

"सोलापूरमार्गे."

"तुम्ही गेला होतात स्टँडवर?"

"मी?" समोरच्या पेरूवर एक कावळा बसला होता, त्याला हाकललं पाहिजे असं मला एकदम वाटलं. "मला दुकान होतं त्या दिवशी."

स्वरदाने माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे वळली. "आजी, तू तर मंडळात होतीस. खरंच सगळ्या उभ्या राहिल्या होत्या?"

मंजुळाने पदराला हात पुसले. आमच्या संसारात माझ्या तोंडून कितीक मगरी बोलल्या, कितीक भुतं सायकलीवर बसून गेली. तिने कधी एकालाही अडवलं नव्हतं. पाहुण्यांना चहा देता देता ती माझ्या थापांवरून वाट काढत जायची, चिखलातून बाई परकर उचलून जाते तशी.

"राहिलो उभ्या," ती म्हणाली. "तेवढं खरं आहे. मीसुद्धा."

"बघ," मी स्वरदाला म्हणालो.

"निघून जायला," मंजुळा म्हणाली. "कुमुदबाईंनी विचारलं, हा ठेका कुणाचा, तेव्हा आम्ही दारापर्यंत गेलो होतो. तिथून वळून बघितलं. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत होतो आणि ती पडद्याकडे. पडदा काही बाजूला झाला नाही. आतून आवाज तेवढा आला."

"अगं, एवढ्या वर्षांनी तुला काय..."

"आणि ‘माझा’ नाही म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "‘वहिनींचा’ म्हणालात."